वनजिल्ह्यांतील ग्रंथजत्रेची सात दशके

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील ग्रंथजत्रा ही संस्था असली, तरी तिला घटना नाही, नोंदणी क्रमांक नाही, स्वतःचे कार्यालयही नाही. स्मारक समित्या, गावोगावची सार्वजनिक वाचनालये, साहित्य संस्था, आश्रमशाळा, ग्रामसभा, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची कार्यालये आणि जमिनीवर चादर अंथरून पुस्तके मांडणारे विक्रेते या सर्वांनी मिळून ती चालवली. कोणा एकाला तिचा संस्थापक म्हणता येणार नाही आणि म्हणूही नये. पण पुस्तक वाचकापर्यंत चालत गेले पाहिजे, वाचकाने पुस्तकापर्यंत येण्याची वाट पाहायची नाही, ही एक गोष्ट सात दशकांत या सर्वांनी सारखीच मानली. त्या अर्थाने ही एकच संस्था आहे.

हा मुलूख कागदाला परका नव्हता. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि पुढे इथल्या जंगलातला बांबू तिकडे जाऊ लागला. त्याचा कागद झाला, कागदाच्या वह्या-पुस्तके झाली आणि ती देशभर गेली. ज्या गावांच्या शिवारातून बांबू निघाला, तिथे मात्र छापील कागद म्हणजे तलाठ्याची नोटीस नाहीतर वनखात्याची पावती, आणि तीही दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. ग्रंथजत्रेच्या कार्यकर्त्यांनी केलेले काम या उलट्या वाटेवरचे आहे. गावातून गेलेला कागद त्यांनी पुस्तक करून गावात परत आणला.

१९५६ ते १९६६ : मैदानावरची पुस्तके

या दशकाच्या तोंडावर, १९५५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. चिमूरजवळचे गोंदोडा ही महाराजांची तपोभूमी, त्यामुळे या भागात त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांचे जाळे आधीपासून होते. सामुदायिक प्रार्थना आटोपली की एकाने ओव्या वाचायच्या आणि बाकीच्यांनी ऐकायच्या. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नव्हते, तिथेही ग्रामगीता कापडात गुंडाळून ठेवलेली असे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातल्या, अनेक पिढ्यांनी सलग वाचलेले पहिले पुस्तक तेच.

पुढच्याच वर्षी या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस उजाडला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्याला आले. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या समारंभात बाबासाहेबांनी जमलेल्या हजारोंना दीक्षा दिली. पुढच्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. चांद्याच्या लोकांना त्यांनी प्रत्यक्ष दिलेले शब्द आता पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणार नव्हते. ते छापील पानावरच शोधायचे होते.

धम्मचक्र अनुवर्तन दिन म्हणून १५ आणि १६ ऑक्टोबरला चांद्याच्या या दीक्षाभूमीवर जनसागर लोटू लागला, त्याबरोबर पुस्तकेही आली. त्रिशरण-पंचशीलाची वंदना, बावीस प्रतिज्ञा, बाबासाहेबांची छोटी चरित्रे, त्यांच्या भाषणांच्या पुस्तिका. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीतून १९५७ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला आणि पुढे मराठीत येऊन इथल्या दुकानांत कायमचा विसावला.

या विक्रीचे एक वैशिष्ट्य इथे मुद्दाम नोंदवायला हवे. गिऱ्हाइकांतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. आजीने पदराच्या गाठीतून पैसे काढायचे आणि नातवाने पुस्तक निवडायचे. मूल पान उघडून दोन ओळी मोठ्याने वाचून दाखवी आणि मग खरेदी होई. साक्षरतेच्या योजना आधी अक्षर शिकवतात आणि नंतर पुस्तक देतात. इथल्या मायबाईंनी आधी पुस्तक घरात आणले आणि मग त्याच्या ओढीने घरातल्या पोरांना शाळेत धाडले. आम्हाला हाच क्रम जास्त पक्का वाटतो. विक्रेत्यांनीही हे ओळखले होते. म्हणून किंमत कमी, पाने थोडी आणि अक्षर ठळक, असा पुस्तिकांचा घाट इथे रुळला.

१९६७ ते १९७६ : कायदा आणि अनुदान

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि पुढच्या वर्षीपासून ग्रंथालय संचालनालयाचे काम सुरू झाले. १९७० च्या नियमांनी वाचनालयांना मान्यता, अ-ब-क-ड असा वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळू लागले. शहरातल्या जुन्या संस्थांना याचा आधार झाला. इथल्या खेड्यांत तर त्यामुळे वाचनालय ही गोष्टच शक्य झाली. चार तरुण, ग्रामपंचायतीची एक खोली, एक कपाट आणि गावकीतून जमवलेली पुस्तके एवढ्या भांडवलावर मान्यतेचा अर्ज करता येऊ लागला.

अनुदानातला ठरावीक हिस्सा ग्रंथखरेदीवर खर्च करावा लागतो. हा नियम साधा आहे, पण ग्रंथजत्रेचे अर्थकारण त्यावरच उभे आहे. सिरोंच्याच्या किंवा एटापल्लीच्या वाचनालयाने पुस्तके घ्यायची कुठे? त्या गावांत पुस्तकांचे दुकान नाही. सिरोंचा ते गडचिरोली अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, नागपूर त्याहून कितीतरी पुढे. घरबसल्या यादी पाठवावी तर पुस्तक हाताळायला मिळत नाही आणि गठ्ठ्यात न खपलेला माल येतो. वर्षातून एकदा प्रकाशक आणि विक्रेते जिल्ह्याच्या गावी आले, तर वाचनालयाच्या सचिवाला पुस्तक उघडून, चार पाने चाळून, आपल्या गावाला ते मानवेल का हे ठरवता येते. म्हणून पुस्तकांचे प्रदर्शन भरले की तालुक्यातालुक्यांतून पदाधिकारी एस.टी.ने रिकाम्या पिशव्या घेऊन येतात आणि परतीच्या गाडीच्या टपावर गठ्ठे चढतात.

वाचनालये सांभाळणाऱ्या ग्रंथपालांविषयी इथे कृतज्ञतेने लिहिले पाहिजे. तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी दार उघडून बसणारी ही माणसे शेती करीत, शिकवण्या घेत, तेंदूपत्त्याच्या हंगामात फडीवर हिशेब लिहीत आणि तरीही वर्तमानपत्रांची फाइल अद्ययावत ठेवीत. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ साली स्थापन झाल्यावर त्याच्या योजनांतून आलेली पुस्तके याच मंडळींनी नोंदवहीत चढवली.

याच दशकात भामरागडच्या जंगलात वेगळा प्रयत्न सुरू झाला. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात केली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे आधी स्वतः माडिया भाषा शिकून घेतली आणि १९७६ साली आश्रमशाळा सुरू केली. माडिया मुलांना मराठी पाठ्यपुस्तक परक्या देशातले वाटे. घरच्या भाषेचा हात धरून मुलाला पुस्तकापर्यंत न्यायचे असते, हा धडा दोन्ही जिल्ह्यांतील ग्रंथ-कार्यकर्त्यांनी हेमलकशाकडून घेतला.

१९७७ ते १९८६ : संमेलन आणि नवा जिल्हा

१९७९ हे वर्ष चंद्रपूरकरांच्या लक्षात राहिले. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपूरला भरले. कथाकार वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या वाचकांनी आवडते लेखक पहिल्यांदा जवळून पाहिले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. संपादक होते नागपूरचे वसंत मून. पुढे एकामागून एक खंड आले. शासकीय प्रकाशन असल्याने जाडजूड ग्रंथही मोलमजुरी करणाऱ्याच्या आवाक्यात राहिला. दीक्षाभूमीवरच्या दुकानांचे रूप या खंडांनी बदलले. पूर्वी तिथे मुख्यतः पुस्तिका असत, आता संदर्भग्रंथांची चळत लागू लागली आणि खंड क्रमाने जमवणारी कुटुंबे तयार झाली. एका खंडाची प्रत संपली असेल तर विक्रेत्याकडे नाव लिहून ठेवून पुढच्या ऑक्टोबरात ती नेणारे वाचक या भागात आहेत.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तीन-चतुर्थांश भूभाग जंगलाखाली, रेल्वे स्थानक एकच, तेही उत्तर टोकाला वडसा-देसाईगंजला. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी आणि हिंदी एवढ्या भाषा एका जिल्ह्यात नांदतात. नव्या जिल्ह्यात नवी कार्यालये उभी राहिली, तशी ग्रंथालयांची घडीही नव्याने बसवावी लागली. कामाची विभागणी करताना थोडी ओढाताण झाली, पण दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी जुने स्नेह तुटू दिले नाहीत. आजही चंद्रपूरचे विक्रेते गडचिरोलीला जातात आणि गडचिरोलीचे वाचक ऑक्टोबरात चंद्रपूरला येतात.

१९८७ ते १९९६ : साक्षरतेची लाट

राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले. १९९० च्या भारत ज्ञान विज्ञान जत्थ्याने गाणी आणि पथनाट्यांतून अक्षराचा विषय देशभर नेला. त्या काळी गडचिरोली जिल्ह्यातल्या शंभरांपैकी जेमतेम त्रेचाळीस जण साक्षर होते, १९९१ च्या जनगणनेने ते आकड्यात सांगितले. संध्याकाळच्या वर्गांना शिकवणारे स्वयंसेवक गावातलेच होते. शाळा सोडलेली पोरे, अंगणवाडीच्या बाया, दहावी नापास झालेला एखादा हुशार मुलगा, सगळे या कामात आले. कंदिलाच्या उजेडात, धान कापणीच्या दिवसांत, डुलक्या आवरत प्रौढांनी अक्षरे गिरवली.

साक्षरता वर्गातल्या प्रवेशिकेचे तीन भाग संपले की पुढे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. नवसाक्षराच्या हाती वाचायला काही नसेल, तर वर्ष-दोन वर्षांत अक्षर पुसट होते. त्यासाठी शासनाने जनशिक्षण निलयमे काढली. त्यातून काही गावांना छोटी पुस्तके मिळाली, काहींना पेटी मिळाली पण ती उघडणारा माणूस मिळाला नाही. जिथे आधीपासून वाचनालय किंवा गुरुदेव सेवा मंडळ होते, तिथे हे काम टिकले. बाहेरून आलेली योजना गावातल्या कुठल्यातरी जिवंत गटाला जोडली गेली तरच रुजते, हे या दशकात स्पष्ट झाले आणि पुढची जत्रा-प्रदर्शने आखताना कार्यकर्त्यांनी ते ध्यानात ठेवले.

साक्षरता कशासाठी, याचे सर्वांत ठोस उत्तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दिले. श्री. देवाजी तोफा आणि गावकरी, तसेच वृक्षमित्र संस्थेचे श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अभ्यासगटाची पद्धत रुजवली. गावकरी एकत्र बसायचे, एखादा कायदा, एखादा शासन निर्णय मोठ्याने वाचायचा, त्यावर गोंडीत आणि मराठीत चर्चा करायची आणि सर्वांना पटल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही. वाचू शकणारे थोडे होते, पण कागदाचा अर्थ सर्वांच्या मालकीचा झाला. जंगलावरचे आपले जुने निस्तार हक्क कोणत्या नोंदीत आहेत, हे त्यांना अशा वाचनातूनच कळले. एकट्याने पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणे म्हणजेच वाचन, अशी शहरी समजूत असते. मेंढ्याने सामूहिक वाचनाला प्रतिष्ठा दिली. दीक्षाभूमीवर नातवाकडून दोन ओळी वाचून घेणारी आजी आणि मेंढ्याचा अभ्यासगट ही एकाच परंपरेतली माणसे आहेत.

याच दशकात, १९९२ साली, डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या पुढाकाराने झाडीबोली साहित्य मंडळाचे काम सुरू झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत बोलली जाणारी आपली बोली पुस्तकात छापता येते आणि तिच्यात कविता लिहिता येते, याचा आनंद खेड्यातल्या नव्या कवींना काय झाला असेल ते वेगळे सांगायला नको. मंडळाची संमेलने लहान गावांत भरली, ग्रंथदिंडी गावातल्या मातीच्या रस्त्यांवरून निघाली आणि शिक्षकांनी पदरमोड करून काढलेले कवितासंग्रह तिथल्या टेबलांवर विकले गेले.

१९९७ ते २००६ : शांत दशक

या दशकात मोठे सोहळे कमी झाले. दक्षिण गडचिरोलीतली परिस्थिती कठीण होती, रात्रीचे कार्यक्रम मर्यादित झाले, प्रवास अवघड होता. तरीही शाळा चालू राहिल्या आणि त्यांचे फळ २००१ च्या जनगणनेत दिसले. गडचिरोलीची साक्षरता साठ टक्क्यांवर पोहोचली. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडशाच्या कंपन्या गावोगाव जात आणि मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, गर्दीत पाटी-पेन्सिली, पंचांग आणि गोष्टीची पुस्तके विकणारेही असत. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आणि डॉ. राणी बंग यांचे झाडांविषयीचे ‘गोईण’ ही गडचिरोलीच्या मातीतून आलेली पुस्तके महाराष्ट्रभर गेली. मागास जिल्हा एवढीच ओळख असलेल्या भूमीतून इतरांनी वाचावे असे काही लिहिले गेले, याचा इथल्या वाचकांना सार्थ अभिमान वाटला.

२००७ ते २०१६ : ग्रंथोत्सव

वनहक्क कायद्याने गावकऱ्यांना कागदाच्या आणखी जवळ आणले. दावा भरायचा, पुरावे जोडायचे, ग्रामसभेचा ठराव लिहायचा, म्हणजे वाचता-लिहिता येणे ही आता पोटाची गरज झाली. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूचा कागद दुसरीकडे होत होता, त्या बांबूचा परवाना गाव आता स्वतःच्या अक्षरात लिहू लागले. साक्षरतेच्या इतिहासात या दिवसाची नोंद क्वचितच केली जाते. आमच्या मते ती ठळकपणे व्हायला हवी.

८ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेल्या साक्षर भारत कार्यक्रमात गडचिरोलीचा समावेश झाला आणि ग्रामपंचायतींत लोकशिक्षण केंद्रे निघाली. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची साक्षरता ८०.०१ टक्के आणि गडचिरोलीची ७४.३६ टक्के झाली. मात्र गडचिरोलीतल्या स्त्रियांत ती ६६.२७ टक्केच होती. म्हणजे दर तीन बायांपैकी एकीसाठी पुस्तक अजून बंदच होते.

फेब्रुवारी २०१२ मध्ये साहित्य संमेलन दुसऱ्यांदा चंद्रपूरला आले. हे ८५ वे संमेलन आणि अध्यक्ष वसंत आबाजी डहाके, म्हणजे याच मातीतले कवी. तीन दिवस शहराचा नूर बदलला होता. पुस्तकांच्या दालनांत चालायला जागा नव्हती आणि शाळांच्या सहली थेट तिथे येत होत्या. आधीच्या वर्षी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले होते, त्यामुळे महाविद्यालयीन वाचकांचा एक नवा वर्गही तयार होत होता.

या दशकात शासनाचा जिल्हानिहाय ग्रंथोत्सव दोन्ही जिल्ह्यांत रुळला. सकाळी ग्रंथदिंडी, पालखीत संविधान, ग्रामगीता आणि ज्ञानेश्वरी, पुढे लेझीम, काही ठिकाणी रेला नृत्य. मग उद्घाटन, परिसंवाद, कविसंमेलन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्री. बालभारतीची आणि राज्य साहित्य संस्कृती मंडळाची प्रकाशने अल्प दरात मिळतात, म्हणून वाचनालयांचे सचिव आधी तिकडे वळतात. भाषणे लांबतात आणि पुस्तकांच्या टेबलांना वेळ कमी पडतो, ही वाचकांची तक्रार रास्त आहे आणि संयोजकांनी ती मनावर घेतली आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. चंद्रपूरला त्या दिवशी दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने आधीच मांडलेली असतात.

२०१७ पासून आजपर्यंत

करोनाच्या काळात मैदाने ओस पडली, वाचनालयांची दारे बंद राहिली आणि लहान विक्रेत्यांचे फार हाल झाले. काहींनी धंदाच सोडला. त्यांची आठवण या स्मरणिकेत राहिली पाहिजे. पुढे २०२२ साली शासनाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात साठ टक्के वाढ केली, त्याने कर्मचाऱ्यांना थोडा दिलासा मिळाला. २०१२ पासून नव्या वाचनालयांची मान्यता थांबली होती, तिची झळ दूरच्या तालुक्यांना अधिक बसली.

ही उणीव इतरांनी आपापल्या परीने भरली. गडचिरोली पोलीस दलाने ‘एक गाव, एक वाचनालय’ हा उपक्रम हाती घेतला. गावकऱ्यांच्या श्रमदानातून दुर्गम गावांत वाचनालये उभी राहिली आणि त्यांच्या उद्घाटनाला ग्रंथदिंड्या निघाल्या. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली तिथे आज बसतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची गोटूल शाळा सुरू केली आणि घरच्या भाषेतले पुस्तक हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात १७ मार्च २०२४ रोजी राज्यभर परीक्षा झाली. पन्नाशी-साठी उलटलेल्या बायाबापड्यांनी शाळेच्या बाकावर बसून उत्तरपत्रिका लिहिल्या. या परीक्षेनंतरही पुन्हा तोच प्रश्न उभा आहे, की आता त्यांच्या हाती काय द्यायचे?

२०२६ च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या सोहळ्याला सत्तर वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने मराठी प्रकाशकांना या दोन जिल्ह्यांच्या वाचकांतर्फे एक मागणी आहे. येताना ठळक अक्षरांची, सोळा-वीस पानांची, प्रौढांच्या जगण्यातले विषय असलेली पुस्तके आणावीत. माडिया-मराठी आणि गोंडी-मराठी अशी दुभाषी पुस्तके काढावीत आणि ती इथल्याच शिक्षकांकडून आणि जाणत्या बायांकडून लिहून घ्यावीत. चंद्रपूरचे मैदान संपले की दुकाने आवरून थेट नागपूरला न परतता अहेरी, एटापल्ली, धानोरा आणि कोरचीच्या आठवडी बाजारात एकेक दिवस थांबावे. तिथल्या वाचनालयांचे सचिव टेबले आणि माणसे द्यायला तयार आहेत. उतरण्याची सोयही गावातच होईल.